इंग्रजी कर्ता-क्रियापद मेळाची सराव-पुस्तिका : सहा महिन्यांच्या वापरानंतरचे मत

गेल्या जूनमध्ये शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात मी लातूरच्या एका पुस्तकांच्या दुकानातून माझ्या मुलीसाठी इंग्रजी व्याकरणाची एक सराव-पुस्तिका आणली. मुलगी अंबाजोगाईला मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीत आहे. ही पुस्तिका एकाच विषयाला वाहिलेली आहे : इंग्रजी वाक्यात कर्त्याप्रमाणे क्रियापदाचे रूप कसे ठरते. तिची ९६ पाने असून त्यांत ४० सरावपत्रे आणि शेवटी उत्तरसूची आहे. किंमत १४० रुपये. आम्ही ती जून ते नोव्हेंबर असे सहा महिने, आठवड्यातून तीन-चार दिवस, रोज अर्धा तास वापरली. प्रकाशकाचे नाव मी येथे देत नाही, कारण याच घडणीच्या पुस्तिका आपल्याकडे जिल्ह्याच्या प्रत्येक गावी दुकानांत दिसतात आणि माझे म्हणणे थोड्याफार फरकाने त्या सर्वांना लागू पडेल. हे वाचून पालकांना हाती येईल त्या पुस्तिकेची पारख करता आली तर मला हवे ते साधले.

एवढ्या लहान विषयावर अख्खी पुस्तिका कशासाठी, असे दुकानात मलाही वाटले होते. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, म्हणजे सहावीतल्या मुलाने पाच वर्षे इंग्रजी ऐकलेले आणि वाचलेले असते. शब्द त्याला बरेच येतात, कविता पाठ असतात, आणि तरीही तेच मूल स्वतःच्या मनाने चार ओळी लिहू लागले की ‘शी गो’, ‘दे हॅज’, ‘ही डोन्ट’ अशी वाक्ये कागदावर उतरतात. शिष्यवृत्ती परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात तृतीय भाषा म्हणून इंग्रजीचे २५ प्रश्न आणि ५० गुण असतात. तिच्या सरावासाठी मिळणारे प्रश्नसंच चाळले, तर क्रियापदाचे योग्य रूप निवडण्याचे प्रश्न त्यांत वारंवार भेटतात. मला मात्र परीक्षेपेक्षा मुलीच्या निबंधाच्या वहीची काळजी होती.

मूळ अडचण समजून घेतल्याशिवाय या पुस्तिकेचे गुणदोष कळणार नाहीत. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते ही गोष्ट मराठी मुलाला नवी नाही. तो जातो, ती जाते, ते जातात, तू जातोस, तू जातेस, अशी लिंग, वचन आणि पुरुष या तिन्हींप्रमाणे बदलणारी रूपे ते शाळेत येण्यापूर्वीपासून बिनचूक बोलत असते. भूतकाळात तर आपले सकर्मक क्रियापद बहुतेकदा कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते : मुलाने पोळी खाल्ली, मुलीने आंबा खाल्ला. एवढे सगळे सहज पेलणाऱ्या मुलाला इंग्रजीत सांभाळायचे असते ते फार थोडे. साध्या वर्तमानकाळात कर्ता तृतीय पुरुषी एकवचनी असेल तर क्रियापदाला ‘एस’ लावायचा, ‘हॅव’चे ‘हॅज’ करायचे, ‘ॲम-इज-आर’ आणि ‘वॉज-वेअर’ यांचा हिशेब ठेवायचा, बस्स. चूक होते ती नियम अवघड असल्यामुळे नव्हे. पाच ठिकाणी काहीच करायचे नाही आणि सहाव्या ठिकाणी एक अक्षर जोडायचे, असा हा नियम आहे आणि हे सहावे ठिकाण मुलाच्या ध्यानातून निसटते. म्हणून येथे समजावण्यापेक्षा सरावाला जास्त किंमत आहे, आणि या बाबतीत पुस्तिकेची बैठक बरोबर आहे.

पहिली सोळा सरावपत्रे फक्त सर्वनामांवर आहेत. आय, यू, ही, शी, इट, वी, दे यांच्याबरोबर आधी ‘ॲम-इज-आर’, मग ‘हॅव-हॅज’ आणि त्यानंतर ‘एस’ लागणारी क्रियापदे. या भागात एकही नाम येत नाही. सुरुवातीला हे कंटाळवाणे वाटले, पण सतराव्या पत्रापासून त्याचा उपयोग दिसू लागला. तेथून पुढे प्रत्येक वाक्याशेजारी एक छोटी चौकट आहे. कर्त्याच्या जागी कोणते सर्वनाम बसेल ते आधी त्या चौकटीत लिहायचे आणि मगच रिकामी जागा भरायची. ‘द फार्मर’ असेल तर ‘ही’, ‘द फार्मर्स’ असेल तर ‘दे’, ‘द बस टू परळी’ असेल तर ‘इट’. कर्ता कितीही लांबलचक असला तरी त्याला एका सर्वनामात आणून बसवायची ही सवय मुलीला जडली. आता चौकट नसलेल्या ठिकाणीही ती समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘दे’ किंवा ‘इट’ लिहून घेते. या एका युक्तीसाठी मी पुस्तिकेला मनापासून दाद देतो.

लांब कर्त्यांची सरावपत्रेही विचारपूर्वक केलेली आहेत. ‘वन ऑफ द बुलक्स इज लेम’ या वाक्यात मुले हमखास ‘आर’ लिहितात, कारण क्रियापदाच्या अगदी शेजारी ‘बुलक्स’ हे अनेकवचन उभे असते. मराठीत आपण ‘बैलांपैकी एक लंगडतो’ असे म्हणतो. तेथे ‘एक’ हाच शब्द क्रियापदाला खेटून असल्यामुळे चूक होत नाही. इंग्रजीत हा क्रम उलटा होतो. पुस्तिकेने अशा वाक्यांत मुख्य शब्दाभोवती गोल करायला आणि ‘ऑफ’पासून पुढचा भाग फिकट रेघेने खोडायला सांगितले आहे. मराठी वाक्य शेजारी छापले असते तर मुलांना त्यामागचे कारणही दिसले असते.

पुस्तिका कमी पडते ती येथेच. तिच्या सूचना मराठीत आहेत आणि मुखपृष्ठावर ‘मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी’ असे लिहिले आहे. परंतु मराठी मुलाची चूक कुठून येते, याचा विचार आत कुठेही केलेला दिसत नाही.

ऑगस्टमधली गोष्ट सांगतो. तोपर्यंत मुलीची बावीस सरावपत्रे झाली होती आणि बहुतेक पत्रांत दहापैकी दहा उत्तरे बरोबर होती. शाळेतून ‘माय फॅमिली’ हा निबंध लिहायला दिला होता. वही तपासायला घेतली, तर ओळी अशा होत्या : ‘माय मदर वेक्स अप अर्ली. माय फादर वर्क इन अ बँक. माय ग्रँडमदर टेल्स मी स्टोरीज. माय ग्रँडफादर गो टू द टेम्पल एव्हरी मॉर्निंग.’ मी दोनदा वाचले. आई आणि आजी यांची क्रियापदे बरोबर होती, वडील आणि आजोबा यांची चुकलेली होती. तिला जवळ बसवून विचारले, “आजीला ‘टेल्स’ लिहिलंस, मग आजोबांना ‘गो’ का?” तिने गोंधळून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “बाबा, आजोबा ‘जातो’ असं कसं लिहू?”

त्या उत्तरात सगळे आले. आपल्या घरात आई येते, आजी सांगते, पण बाबा येतात आणि आजोबा जातात. मोठ्यांचा मान आपण क्रियापदाच्या अनेकवचनाने राखतो, आणि मुलीने हाच मान इंग्रजीतही राखला होता. मग मी सरावपत्रांच्या चौकटी पुन्हा पाहिल्या. एका वाक्यात ‘माय ग्रँडफादर’समोर तिने ‘दे’ लिहून खोडले होते आणि मग ‘ही’ केले होते. आपले ‘ते’ हे सर्वनाम एकाच वेळी तीन कामे करते : ‘ते झाड’मध्ये ते ‘इट’ असते, ‘ते मुलगे’मध्ये ‘दे’ असते आणि ‘ते आमचे सर’ म्हणताना ‘ही’ असते. ज्या चौकटीची मी वर स्तुती केली, ती नेमकी येथे मुलाला फसवू शकते. ‘आमचे सर इंग्रजी शिकवतात’ या वाक्याचे ‘अवर सर टीच इंग्लिश’ होते ते यामुळेच. आपल्या भागातील मूल बोलताना ‘शिकवतेत’ म्हणो की लिहिताना ‘शिकवतात’ लिहो, अनेकवचन त्याच्या मनात पक्के असते.

सप्टेंबरमध्ये मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणासाठी तिने स्वामी रामानंद तीर्थांवर इंग्रजीत पाच वाक्ये लिहिली, तेव्हाही पहिले वाक्य ‘स्वामी रामानंद तीर्थ वेअर अ ग्रेट लीडर’ असे होते. ‘वॉज’ लिहिताना तिचा हात अडखळत होता, कारण तिला तो अनादर वाटत होता. इंग्रजीत राजा असो की गुराखी, एक माणूस म्हटला की ‘इज’ आणि ‘वॉज’च, तेथे आदर क्रियापदात नसतो, तो इतर शब्दांतून दाखवतात, हे तिला समजावून सांगावे लागले. त्यानंतर आम्ही घरीच एक पान तयार केले. बाबा, काका, आजोबा, सर, गुरुजी, डॉक्टर, सरपंच, महाराज असे आठ कर्ते घेतले आणि प्रत्येकाची तीन-तीन वाक्ये लिहिली. ते पान तीनदा झाल्यावर ही चूक जवळजवळ बंद झाली. पुस्तिकेच्या ४० पत्रांत अशा वाक्यांना दोन पत्रे दिली असती, तर तिची किंमत माझ्या लेखी दुप्पट झाली असती.

नामांच्या वचनाबाबतही तेच. मराठीत केस अनेकवचनी, पैसे अनेकवचनी, तांदूळ संपतात. इंग्रजीत ‘हेअर’, ‘मनी’ आणि ‘राइस’ यांना ‘इज’ लागते. उलट कात्री एक, चष्मा एक, चिमटा एक, पक्कड एक. इंग्रजीत ‘सिझर्स’, ‘स्पेक्टॅकल्स’, ‘टाँग्ज’ आणि ‘प्लायर्स’ यांना ‘आर’. जेथे दोन पाती जोडून एक वस्तू होते तेथे इंग्रजी त्या दोघांना मोजते, हे सांगितले की मुलांना ते लक्षात ठेवायला मजा येते. पोलीस आला असे आपण एका शिपायाला म्हणतो, इंग्रजीत ‘पोलीस’ नेहमी अनेकवचनी. ‘कॅटल’ हा शब्द मात्र आपल्याकडच्या मुलांना शिकवावाच लागत नाही, कारण गुरे चरतात हे आधीच मनात असते. पुस्तिकेत यांतले बहुतेक शब्द आहेत, पण एका यादीत ओळीने, पाठांतरासाठी. मराठीशी जुळणारे कोणते आणि विरुद्ध जाणारे कोणते, अशी वाटणी केली असती तर निम्मी यादी पाठ करण्याची गरजच उरली नसती. ‘ब्रेड अँड बटर इज’ हे उदाहरणही तसेच कोरडे राहिले आहे. ‘वरणभात झाला’ म्हणताना आपणही दोन पदार्थांना एक धरतो, आणि ‘आई-वडील आले’ म्हणताना धरत नाही. हा आपल्याच भाषेतला न्याय आहे.

बाविसाव्या पानावर ‘एकच एस’ नावाची एक युक्ती दिली आहे. ‘एस’ एकतर नामाला लागेल किंवा क्रियापदाला, दोघांना एकदम लागणार नाही. ‘बॉय प्लेज’ आणि ‘बॉईज प्ले’ यांच्यापुरती ती छान चालते आणि मुलीला फार आवडली. परंतु दुसऱ्याच दिवशी तिने ‘चिल्ड्रन प्लेज’ लिहिले, कारण ‘चिल्ड्रन’ला ‘एस’ नाही, मग तो क्रियापदाला द्यायला हवा असा तिचा सरळ हिशेब होता. ‘पीपल’, ‘मेन’, ‘विमेन’ यांच्या बाबतीतही तसेच. उलट बाजूने ‘न्यूज’ आणि ‘मॅथेमॅटिक्स’ यांना आधीच ‘एस’ असल्यामुळे क्रियापद रिकामे राहिले. युक्ती द्यायची तर ती कुठे थांबते हेही त्याच पानावर सांगायला हवे. आम्ही त्या पानाच्या तळाशी हे सहा शब्द पेनाने लिहून ठेवले आहेत.

‘डू’ आणि ‘डझ’ यांचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तेथे पुस्तिका अवघ्या तीन पत्रांत आटोपते. ‘डझ ही गोज?’ आणि ‘शी डझन्ट लाइक्स’ या चुका आठवी-नववीपर्यंत मुलांची पाठ सोडत नाहीत. ‘डझ’ आल्यावर मुख्य क्रियापदाचा ‘एस’ जातो, एवढा नियम चौकटीत छापला आहे; तो मुलीला तोंडपाठ होता, तरी लिहिताना चूक व्हायचीच. शेवटी उपयोगी पडली ती मराठीच. मी तिला दोन वाक्ये लिहायला सांगितली : ‘ते जातात’ आणि ‘ते जात नाहीत’. पहिल्यात अनेकवचन ‘जातात’मध्ये आहे, दुसऱ्यात ‘जात’ तसेच राहिले आणि अनेकवचन ‘नाहीत’मध्ये गेले. ‘ते जातात नाहीत’ असे कोणी म्हणत नाही. इंग्रजीतही ‘नॉट’ आले की ‘एस’ पुढच्या क्रियापदावरून उतरून ‘डझ’वर जाऊन बसतो. तिने त्या दोन वाक्यांवर बोट फिरवत काही क्षण पाहिले आणि मग स्वतःहून सात-आठ वाक्ये लिहून काढली. त्यांत एकही चूक नव्हती. मराठी नकारार्थी वाक्याशी ही तुलना मला कोणत्याही सराव-पुस्तिकेत आढळलेली नाही, म्हणून येथे मुद्दाम सविस्तर लिहिली.

सरावाच्या पद्धतीबद्दलही तक्रार आहे. बत्तीस पत्रे केवळ रिकाम्या जागांची आहेत आणि प्रत्येक जागेपुढे दोनच पर्याय दिले आहेत. डोळे मिटून खूण केली तरी निम्मी उत्तरे बरोबर येतील. शिवाय रिकामी जागाच मुलाला सांगते की येथे थांब, येथे विचार कर. निबंध लिहिताना असे कोणी थांबवत नाही, आणि म्हणूनच दहापैकी दहा मिळवणारी मुलगी वहीत ‘फादर वर्क’ लिहीत होती. आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची पट्टी कापून पर्याय झाकत असू आणि उत्तर आधी तोंडी घेत असू. त्याने बराच फरक पडला. चुका शोधण्याच्या परिच्छेदांची पाच पत्रे उत्तम आहेत. शेवटच्या तीन पत्रांत चित्र पाहून स्वतः वाक्ये लिहायची आहेत, ती त्याहून चांगली. आठवडी बाजाराच्या चित्रावर तिने चौदा वाक्ये लिहिली. हे प्रमाण उलटे असायला हवे होते.

कागद बरा आहे, पेन्सिलीने लिहून दोनदा खोडले तरी फाटत नाही. ओळी मात्र अरुंद आहेत आणि सहावीतल्या मुलांच्या अक्षराला पुरत नाहीत.

आता उत्तरसूची. यातील चुका मला सर्वांत जास्त लागल्या, कारण त्यांच्यामुळे एक बरोबर उत्तर खोडले गेले. एकतिसाव्या पत्रात ‘नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स’ यानंतर मुलीने ‘वेअर’ लिहिले होते. मी घरी नव्हतो; तिने उत्तरसूची पाहिली, तेथे ‘वॉज’ होते, आणि तिने आपले उत्तर खोडून ‘वॉज’ केले. जवळच्या कर्त्याप्रमाणे क्रियापद घ्यायचे, हा नियम याच पुस्तिकेने एकोणतिसाव्या पत्रात शिकवला आहे आणि तिने तो नीट पाळला होता. संध्याकाळी तिचेच उत्तर बरोबर असल्याचे सांगितले, तेव्हा तिचा चेहरा खुलला. पण ज्या घरी हे सांगणारे कोणी नाही, तेथे मूल चुकीची गोष्ट छापील म्हणून खरी मानेल. मुलांच्या पुस्तकाची उत्तरसूची दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घेणे हे प्रकाशकाचे किमान कर्तव्य आहे. ते येथे पाळले गेलेले नाही.

पाचवीच्या मुलासाठी पहिली सोळा पत्रे पुरेशी आहेत, पुढचा भाग सहावी ते आठवीसाठी योग्य. शेजारी बसणारे मोठे माणूस असेल तर ही पुस्तिका जरूर घ्यावी. मुलाने एकट्याने सोडवण्यासाठी, आहे त्या स्वरूपात, मी ती सुचवणार नाही. ज्यांच्याकडे हीच आवृत्ती असेल त्यांनी मुलाच्या हाती देण्याआधी उत्तरसूचीत पुढील दुरुस्त्या पेनाने कराव्यात. पत्र ३१, प्रश्न ४ : ‘वॉज’ऐवजी ‘वेअर’. पत्र ३३, प्रश्न ७ : ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स’नंतर ‘इज’ऐवजी ‘आर’, त्याच पत्रातील प्रश्न ८ मधील ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स’ला दिलेले ‘इज’ बरोबर आहे, ते तसेच ठेवावे. पत्र ३५, प्रश्न २ : ‘द टीम’नंतर ‘आर’ चूक म्हटले आहे, ब्रिटिश इंग्रजीत संघातील खेळाडू मनात धरून ‘आर’ वापरतात आणि क्रिकेटच्या समालोचनात मुले ‘इंडिया आर’ असे ऐकतातही, म्हणून तेथे दोन्ही उत्तरे बरोबर धरावीत.